फालशाचं रोप: खानदेशच्या उन्हात टिकतं, छाटणीवाचून फळत नाही

फालशाचं रोप घ्यावं का, याचं उत्तर आधीच सांगून टाकू. परसात दोन, बांधावर आठ-दहा, एवढी रोपं खानदेशात कुणीही डोळे मिटून घ्यावीत. एकरभर लावायचा बेत असेल तर मात्र तोडणीला माणसं कोण येणार आणि दिवस मावळायच्या आत माल उचलणारं गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवा आणि मगच खड्डे खणा. झाड काटक आहे, रोप स्वस्त आहे, फळाची चव अव्वल आहे, पण तोडलेलं फळ घरात जेमतेम एक दिवस टिकतं. पाचपैकी गुण द्यायचे तर उन्हाला पाच, चवीला पाच, पाण्याच्या बचतीला चार, टिकण्याला एक.

फालसा ही पानगळीची झुडपी जात, सातपुड्यातल्या धामण या झाडाची भाऊबंद. फांदी नवी फुटली की पानांच्या बेचक्यात पिवळी फुलं झुपक्याने येतात. फळ करवंदापेक्षा लहान, आधी हिरवं, मग तांबूस आणि पिकल्यावर जांभळट काळं. आत एक किंवा दोन टणक बिया. गर पातळ असला तरी आंबटगोडीचा मेळ असा की सरबताला त्याच्या तोडीचं दुसरं फळ उन्हाळ्यात सापडत नाही. हे झाड आपल्या भागाला मानवतं त्याचं कारण आपल्या हवामानातच आहे. जळगाव-धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, झाड पानं टाकून झोपी जातं आणि त्याला हवी ती विश्रांती मिळते. मग मार्च ते मे चढत जाणारं ऊन फळ पिकवतं. भुसावळचं पंचेचाळीस अंशांचं ऊनही मुळाशी ओल असेल तर ते निभावून नेतं. जिथे थंडी पडतच नाही तिथे झाडाची पानं नीट गळत नाहीत आणि बहर विस्कळीत येतो.

आता नर्सरीत जाऊन रोप कसं पारखायचं ते. विकायला येणारी बहुतेक रोपं बियांची असतात आणि त्यात काही वावगं नाही. फालशाचं बी ताजं असेल तर दोन-तीन आठवड्यांत उगवतं आणि अशा रोपाला दुसऱ्या वर्षी फळ लागतं. छाट कलमाला, म्हणजे कापून मातीत खोचलेल्या काडीला, मुळ्या सहजासहजी फुटत नाहीत; गुटी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या फोडून मग ती कापून घेणं, मात्र साधते. म्हणून ‘कलमी’ सांगून जास्त पैसे मागितले तर बुंध्यापाशी पाहा. गुटीच्या रोपाला मुळ्या जाड काडीच्या कडेने चौफेर फुटलेल्या दिसतात, बियांच्या रोपाला एक सोटमूळ सरळ खाली गेलेलं असतं. पाटीवर नुसतं ‘हायब्रीड’ लिहिलंय म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. फालशात बाजारभर पसरलेले नावाजलेले वाण फारसे नाहीतच. ढोबळमानाने उंच आणि ठेंगणा असे दोन प्रकार चालतात, त्यात ठेंगणा प्रकार तोडणीला सोपा आणि झाडामागे फळही जास्त देणारा. गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्राने निवडलेला ‘थार प्रगती’ हा वाण मिळाला तर तो घ्यावा. तिथलं कोरडं उष्ण हवामान आपल्याला जवळचं आहे. मात्र विकणाऱ्याने रोपं कुठून आणली हे बिलावर लिहून दिलं तरच त्या नावाला अर्थ.

पानावरूनही पारख करता येते. फालशाचं पान रुंद, जवळजवळ हृदयाच्या आकाराचं, कडेला दातेरी आणि देठापाशी एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असं असतं. वरून खरखरीत आणि खालून पांढुरकं, मऊ लवेचं. धामणीचं पानही देठापाशी असंच वाकडं असतं, म्हणून कोवळ्या रोपात गल्लत होते आणि धामणीचं रोप फालसा म्हणून गळ्यात पडू शकतं. खालची पांढुरकी लव पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रोप पेन्सिलीएवढ्या जाडीचं, एक-दीड फूट उंचीचं आणि वर्षाच्या आतलं घ्यावं. पिशवी हातात घेऊन तळाशी दाबून पाहा. मुळ्या खाली गोल गोल वेटोळे घालून कडक झाल्या असतील तर ते रोप जुनं, कितीही उंच दिसलं तरी ते लावल्यावर वर्षभर तिथल्या तिथेच उभं राहतं. मुळ्या फार तर एक-दोन वेढ्याच्या असतील तर लावताना तळाचा बोटभर थर धारदार ब्लेडने कापून टाकला की काम भागतं.

हिवाळ्यात नर्सरीत फालशाच्या नुसत्या काड्या उभ्या दिसतात आणि लोक मेलेलं रोप समजून पुढे जातात. काडीवर नखाने जरासं खरवडावं. आत हिरवं आणि ओलं निघालं तर रोप ठणठणीत आहे, आणि असं झोपलेलं रोप फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाण्याची सोय असलेल्या जागी लावलं तर लागून जातं. आत तपकिरी आणि कोरडं निघालं तर सोडून द्या. नर्सरीवाल्यालाही अशी उघडी रोपं काढायची घाई असते, तेव्हा भाव करायला हीच वेळ चांगली.

लागवडीचा नेहमीचा मुहूर्त जून-जुलै, पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. खड्डा दीड ते दोन फूट लांब-रुंद-खोल, त्यात वरची माती, दहा किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. मुरमाड जमिनीत वाळवी रोपाची साल बुंध्यापाशी कुरतडते, म्हणून तिथे पेंड वगळू नका आणि कच्चं शेणखत अजिबात घालू नका, वाळवीला तेच बोलावणं असतं. दोन झाडांत अडीच मीटर अंतर पुरतं. चारही बाजूंनी अडीच मीटर धरलं तर एकरी साधारण ६४० झाडं बसतात. बांधावर एकाच ओळीत कुंपणासारखी लावायची तर दीड मीटरवर चालतील, पण फालशाला काटे नाहीत, जनावर अडवायचं काम त्याच्याकडून होणार नाही. शेळ्यांना तर त्याचा पाला फार आवडतो.

तापीकाठच्या काळ्या कापसाच्या जमिनीत सगळ्यात जास्त रोपं दगावतात, आणि ती पाण्याअभावी नाही, पाण्यात उभी राहून. ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, पानं आधी पिवळी पडतात, मग लोंबतात, आणि माणूस सुकलं समजून आणखी पाणी घालतो. अशा जमिनीत खड्ड्याऐवजी एक-दीड फूट उंचीचा गादीवाफा करावा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावावं. बुंध्याची पिशवीतली पातळी जमिनीच्या पातळीशी जुळली पाहिजे, माती वर चढवली तर साल कुजते. याच जमिनीत दुसरी एक तक्रार येते: कोवळं पान पिवळं आणि त्यातल्या शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता, चुनखडी जास्त असल्यामुळे येणारी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि एका लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारावं, पंधरा दिवसांनी पुन्हा. रोपं दहापेक्षा जास्त लावणार असाल तर आधी माती तपासून घ्या. पाल, ममुराबाद, धुळे, नंदुरबार इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारणा करता येईल.

एवढं सगळं नीट करूनही झाड फळलं नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्याकडे एकच गोष्ट राहिलेली असते आणि ती म्हणजे छाटणी. फालशाला फळ जुन्या लाकडावर येत नाही, त्या वर्षीच्या नव्या फुटीवर येतं. न छाटलेलं झाड बारा-पंधरा फूट वाढतं, आत सावलीचं जाळं होतं, फळ फक्त शेंड्यांना आणि तेही बारीक, हाताला न लागणारं. जो माळी ‘जंगली झाड आहे, त्याला काय करायचं’ म्हणतो त्याच्याकडून छाटणीचं काम करून घेऊ नका.

छाटणी डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, झाडाची बहुतेक पानं गळल्यावर करावी. पहिल्या वर्षी, म्हणजे लावल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, झाड दीड फुटावर आडवं कापावं. कापताना जीव खालीवर होतो, पण त्यानेच बुडातून चार-पाच जोमदार फांद्या निघतात. पुढच्या हिवाळ्यात त्या फांद्या जमिनीपासून तीन फुटांवर आणाव्यात आणि मग दरवर्षी तेवढ्याच उंचीवर. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, बुडातून आडव्या पसरलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. पाच-सहा वर्षांनी जाड झालेल्या जुन्या फांद्यांपैकी दरसाल एक-दोन अगदी जमिनीलगत उतरवल्या तर झाड नवंच राहतं. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं, डोळ्याच्या (नवी फूट निघते त्या कोंबाच्या) वर अर्ध्या सेंटिमीटरवर तिरपा काप, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. बोथट सिकेटरने काडी चेंगरते, ती वरून खाली वाळत येते आणि तिच्यावरचे पहिले दोन-तीन डोळे वाया जातात. अंगठ्यापेक्षा जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, आणि भांडं प्लास्टिकचं. उतरलेल्या लांब लवचिक काड्या टाकून देऊ नका, टोपल्या विणायला आणि वालाच्या वेलाला आधार द्यायला त्या उत्तम.

वेळ चुकली तर काय होतं हे नीट समजून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटलं तर झाड झोपायच्या ऐवजी फुटतं आणि कोवळी फूट थंडीत काळवंडते. फेब्रुवारीच्या शेवटी छाटलं तर फुलं उशिरा, फळ जूनमध्ये, आणि पावसाच्या पहिल्या सरीत पिकलेली फळं फुटून खाली पडतात. छाटणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत साडेतीन ते चार महिने धरा. संक्रांतीच्या आत सिकेटर लागलं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला झाड काळं होऊ लागतं, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घरात सरबताला हात कमी पडत नाहीत.

छाटणीनंतर झाडाभोवती आळं करून दहा ते पंधरा किलो शेणखत द्यावं आणि जानेवारीच्या शेवटी पहिलं पाणी सोडावं. फूट निघेपर्यंत पंधरा-वीस दिवसांनी एक पाणी, फळं धरल्यावर आठ-दहा दिवसांनी, आणि मेमध्ये झळा सुरू झाल्या की ठिबकवर रोज थोडं, सूर्य उतरल्यावर. ऐन फुलोऱ्यात भरमसाट पाणी दिलं तर फूल गळतं. बुंध्याभोवती चार बोटं जाडीचं आच्छादन हवंच. रावेर-यावलकडे केळीचा पाला फुकट मिळतो, धुळ्याकडे बाजरीची सरमाडं चालतात, फक्त बुंध्याला चिकटवू नका. पश्चिमेकडून येणाऱ्या गरम वाऱ्याने त्या बाजूची फळं सुरकुततात, तिथे शेवग्याची किंवा शेवरीची ओळ असेल तर फरक दिसतो. सप्टेंबरनंतर पाणी तोडून टाकावं, नाहीतर झाड पानं सोडत नाही.

रोग-किडीचं ओझं कमी आहे. सालीवर भुशाची जाळी आणि तिच्याखाली भोक दिसलं तर ती साल खाणारी अळी. जाळी झाडून तारेने भोक टोकरावं, रॉकेलचा बोळा आत सरकवून वरून माती लिंपावी. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडतात, पण तेव्हा झाडावर फळ नसतं, म्हणून फवारणीच्या मागे लागू नये. खरा शत्रू बुलबुल आणि राघू. पहिलं फळ काळं झालेलं माणसाच्या आधी त्यांना दिसतं, तेव्हा पक्ष्यांची जाळी हिरव्या फळावरच टाका. तीन फुटांवर छाटलेल्या झाडावर जाळी टाकायला शिडीही लागत नाही.

तोडणी हा या झाडाचा सगळ्यात खर्चिक भाग. फळं एकदम पिकत नाहीत. एकाच झुपक्यात एक काळं, दोन लाल, तीन हिरवी असतात, आणि हे तीन-चार आठवडे चालतं. दर दोन दिवसांनी, सकाळी ऊन चढायच्या आत, काळी झालेली तेवढीच वेचायची. लाल फळ घरी ठेवून काळं झालं तरी त्याला झाडावरची गोडी येत नाही. फळ इतकं हलकं की किलोला हजारभर तरी वेचावी लागतात. चांगलं सांभाळलेलं झाड हंगामात तीन ते पाच किलो देतं, म्हणजे एका झाडापाठी हजारो वेळा हात जातो. मजुरीवर वेचून घाऊक बाजारात ओतायचा हा माल नाही. उथळ टोपलीत दोन-तीन बोटांच्याच थरात ठेवा, खोल पाटीत खालची फळं दबून संध्याकाळी आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये न धुता ठेवली तर चार-पाच दिवस निघतात. विकायचं असेल तर तालुक्याच्या गावात रसवंती, सरबतवाले, आइस्क्रीमवाले यांच्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा आणि उरलेला गर गोठवायची सोय पाहा.

सरबताला पाव किलो फालसे, सव्वाशे ग्रॅम साखर, अर्धा चमचा काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, एक लिटर थंड पाणी. फळं धुऊन साखरेत अर्धा तास ठेवा, रस सुटतो. मग हातानेच कुस्करा, थोडं पाणी घाला, गाळणीवर चोळून घ्या, चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा चोळा. मिक्सर लावू नका. बी फुटलं की सरबत कडवट आणि रवाळ होतं. भांडं स्टील, काच किंवा मातीचं घ्या, लोखंड-ॲल्युमिनियममध्ये तो सुरेख जांभळा रंग मळकट पडतो. उकळायचं तर मुळीच नाही.

बाजारच्या बाटलीबद्दल एवढंच: स्क्वॅश म्हणवणाऱ्या बाटलीत नियमाने किमान २५ टक्के फळाचा रस असावा लागतो. मागची बारीक अक्षरं वाचा. फळाचा टक्का लिहिलेला नसेल आणि कृत्रिम रंग-स्वादाचा उल्लेख असेल तर तो फालसा नाही, रंगवलेला पाक आहे. घरी करायचा तर एक लिटर गाळलेल्या रसाला १ किलो ८०० ग्रॅम साखर, १ लिटर १५० मिली पाणी आणि २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी, ॲसिड यांचा पाक करून गाळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच रस मिसळा. साधारण चार किलो स्क्वॅश होतो. तो टिकायला २.४ ग्रॅम सोडियम बेंझोएट पुरतं, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून शेवटी घाला. आंब्या-लिंबाच्या सरबताला चालणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे वापरू नका, ते फालशाचा रंगच उडवतं. बाटल्या काचेच्या, वीस मिनिटं पाण्यात उकळून वाळवलेल्या, वर दोन बोटं जागा सोडून भरलेल्या. प्यायला एक भाग स्क्वॅश, तीन भाग पाणी. महिनाभराने तळाशी जांभळा साका बसतो, तो दोष नाही, बाटली हलवून घ्यावी. झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा वर बुडबुड्यांचा थर दिसला तर आंबवण सुरू झालं आहे. ती बाटली चाखूनही न पाहता ओतून द्या, आणि त्याच दिवशी भरलेल्या बाकीच्या बाटल्याही उघडून तपासा.